गावातल्या तंत्रज्ञान कंपनीसाठी सरकारी निधी : अर्ज कोणत्या क्रमाने करावेत

आमची कंपनी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात, दोन हजारांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या गावात आहे. कापसाच्या गाडीत लांब सळई खुपसून वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरातला ओलावा मोजणारे यंत्र मी आणि माझा चुलतभाऊ मिळून बनवतो. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानला जातो, त्यापुढे भावात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेलेला कापूस घेतला जात नाही. त्यामुळे गाडी घरून निघण्याआधीच शेतकऱ्याला खरा आकडा कळणे किती मोलाचे आहे, हे विदर्भातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

हे यंत्र उभे करताना आम्ही सरकारी निधीच्या जवळजवळ प्रत्येक दारावर गेलो. काही दारे उघडली. काही आमच्याच चुकीने बंद झाली, आणि ती चूक बहुतेक वेळा एकच होती: क्रमाची. कोणती नोंदणी आधी करायची, कोणते अनुदान आधी घ्यायचे आणि कोणते नंतर, हे कोणी सांगितले नव्हते. योजनांची माहिती सगळीकडे मिळते. एक योजना घेतली की दुसरी कशी हातची जाते, हे मात्र त्या माहितीपत्रकांत बारीक अक्षरांत असते. म्हणून हा लेख योजनांच्या यादीप्रमाणे न लिहिता क्रमाप्रमाणे लिहिला आहे.

१. पैसा कोणत्या कामासाठी हवा आहे, हे आधी लिहून काढा

सरकारी निधी म्हटला की आपल्याकडे डोळ्यांसमोर सबसिडी येते. प्रत्यक्षात चार वेगळ्या गोष्टी या एका नावाखाली वावरतात. पहिली म्हणजे अनुदान, जे परत करायचे नसते, पण ठरलेल्या कामावरच खर्च करावे लागते. दुसरी म्हणजे सरकारी हमी किंवा सबसिडी असलेले कर्ज, जे शेवटी बँकेचेच कर्ज असते. तिसरी म्हणजे भांडवल. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सिडबी या लघुउद्योगांच्या सरकारी बँकेमार्फत १०,००० कोटी रुपयांचा ‘फंड ऑफ फंड्स’ सुरू केला, पण तो थेट कंपन्यांना पैसे देत नाही. सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक निधींना देतो आणि ते निधी पुढे कंपन्या निवडतात. त्यामुळे गावातल्या नव्या कंपनीने या फंडाच्या नावाने अर्ज शोधण्यात वेळ घालवू नये. चौथी गोष्ट म्हणजे सरकारचे काम, अर्थात सरकार ग्राहक होणे. तिच्याकडे सर्वांत कमी लोक पाहतात.

तुमचे यंत्र अजून वहीतच असेल तर पहिल्या प्रकाराकडे जा. यंत्र तयार आहे, चार जणांनी वापरले आहे आणि आता पन्नास बनवायची आहेत, अशी स्थिती असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या प्रकाराचा विचार करा. पगार आणि भाडे भागवण्यासाठी पैसा हवा असेल, तर सरकारी अनुदान त्या कामाचे नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

२. कंपनी नोंदवण्याची घाई करू नका

आमची सर्वांत महागडी चूक इथे झाली. कॉलेज संपल्याच्या उत्साहात आम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवली आणि मग निवांतपणे यंत्र बनवायला बसलो. नव्या कंपनीला सुरुवातीचा पैसा देणाऱ्या केंद्राच्या ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजनेत अर्जाच्या दिवशी कंपनीचे वय दोन वर्षांपेक्षा जास्त नसावे, अशी अट आहे, आणि ते वय नोंदणीच्या तारखेपासून मोजले जाते. यंत्र चालते की नाही, हे त्या तारखेला ठाऊक नसते. आमचे पहिले विश्वासार्ह यंत्र तयार होईपर्यंत दोन कापूस हंगाम गेले आणि शेवटी मुदतीला जेमतेम पाच आठवडे उरले असताना आमचा अर्ज गेला.

कंपनी नसतानाही पहिला पैसा मिळू शकतो. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘निधी-प्रयास’ ही योजना भौतिक उत्पादनाचा प्रोटोटाइप, म्हणजे पहिला चालता नमुना, तयार करण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत देते, आणि त्यासाठी व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो. नोकरी सोडून पूर्ण वेळ या कामात उतरणाऱ्यांसाठी त्याच विभागाची ‘निधी-ईआयआर’ ही शिष्यवृत्ती आहे, ज्यात दरमहा ३० हजार रुपयांपर्यंत मिळतात. दोन्ही योजना ठरावीक केंद्रांमार्फत राबवल्या जातात आणि अर्ज वर्षभर खुले नसतात, म्हणून केंद्रांच्या संकेतस्थळांवर लक्ष ठेवावे लागते.

म्हणजे योग्य क्रम असा: आधी व्यक्ती म्हणून प्रोटोटाइप, मग शेतातली एक हंगामाची चाचणी, आणि त्यानंतर कंपनी. दोन वर्षांचे घड्याळ तुम्हीच सुरू करता, तेव्हा ते हातात काही असताना सुरू करा.

३. कंपनी कोणत्या रूपात नोंदवायची

उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाची, म्हणजे डीपीआयआयटीची, स्टार्टअप मान्यता प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला, एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) किंवा नोंदणीकृत भागीदारी संस्थेला मिळते. एकट्याच्या मालकीच्या फर्मला ती मिळत नाही. याच्या नेमके उलट, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, व्यक्ती अर्ज करू शकते, पण प्रायव्हेट लिमिटेड कंपनी पात्र ठरत नाही. या फाट्यावर अनेक जण चुकतात: आधी पीएमईजीपीसाठी एकट्याच्या नावावर उद्योग सुरू करतात आणि नंतर सीड फंडाच्या दारात गेल्यावर कळते की हे रूपच चालत नाही. तुमचे काम तंत्रज्ञान विकसित करण्याचे असेल तर कंपनी किंवा एलएलपी. तयार तंत्रज्ञान वापरून उत्पादन करायचे असेल, उदाहरणार्थ सौर वाळवणी यंत्रावर हळद किंवा संत्र्याची साल वाळवून विकायची असेल, तर पीएमईजीपी अधिक सोयीचे.

कंपनीची नोंदणी ऑनलाइन होते आणि अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असेल तर केंद्राचे नोंदणी शुल्क लागत नाही. मुद्रांक शुल्क, डिजिटल स्वाक्षरी आणि सीएची फी लागते.

गावातली अडचण वेगळीच असते. नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यासाठी दोन महिन्यांच्या आतले वीज बिल आणि घरमालकाचे संमतिपत्र मागतात. आमच्याकडे महावितरणचे बिल आजोबांच्या नावावर येत होते आणि आजोबांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. संमतिपत्रावर सही करणार कोण? शेवटी ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर वडिलांचे नाव लावून घेतले, मग मीटर वडिलांच्या नावावर केला, आणि या एका कामात अडीच महिने गेले. तुमच्याही घरी हीच स्थिती असण्याची शक्यता मोठी आहे. कंपनीचा विचार मनात येईल त्याच महिन्यात हे काम हाती घ्या, कारण त्याला पैसा लागत नाही, फक्त दिवस लागतात.

नोंदणी झाल्यावर दोन गोष्टी विसरू नका. व्यवसाय सुरू केल्याचे घोषणापत्र, ज्याला फॉर्म आयएनसी-२०ए म्हणतात, १८० दिवसांत भरावे लागते आणि त्याआधी भागधारकांनी आपले भांडवल कंपनीच्या खात्यात प्रत्यक्ष जमा केलेले असावे लागते. ते न भरल्यास कंपनीला ५० हजार रुपयांचा दंड आहे. दुसरे, कंपनीने एक रुपयाही कमावला नसला तरी वार्षिक विवरणपत्रे भरावीच लागतात, आणि उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दररोज १०० रुपये चढतात. कंपनी काढून ‘पाहू पुढे’ म्हणत ठेवून देणाऱ्यांना हा आकडा वर्षाअखेरीस कळतो.

४. मोफत असलेल्या दोन नोंदण्या मोफतच करा

डीपीआयआयटीची मान्यता स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर मिळते आणि तिला शुल्क नाही. २०१९ च्या अधिसूचनेत कंपनीचे वय १० वर्षांच्या आत, कोणत्याही वर्षाची उलाढाल १०० कोटींच्या आत, आणि काम नवे काहीतरी घडवण्याचे किंवा असलेले सुधारण्याचे असावे, अशा अटी होत्या; अर्जाच्या वेळच्या अटी पोर्टलवर पाहा. जुनी कंपनी तोडून नवी केलेली चालत नाही. अर्जात खरे महत्त्व एका छोट्या उताऱ्याला असते: तुमचे उत्पादन कोणती अडचण सोडवते आणि ते आधीच्या उपायापेक्षा वेगळे कसे. ‘आम्ही शेतकऱ्यांचे सक्षमीकरण करतो’ असले वाक्य लिहू नका. ‘बाजारातील मीटर एका ठिकाणचा ओलावा दाखवतो, आमचे यंत्र तीन खोलींवर मोजून सरासरी देते’ असे लिहा.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, हीही मोफत आहे आणि आधार व पॅनवर काही मिनिटांत होते. तरीही या दोन प्रमाणपत्रांसाठी एका सल्लागाराने आमच्याकडून १५ हजार रुपये घेतले आणि वर ‘लवकर करून दिले’ म्हणून उपकारही जाणवून दिले. शोधयंत्रात पहिल्या क्रमांकावर दिसणारे संकेतस्थळ सरकारीच असते असे नाही. पत्त्याच्या शेवटी सरकारी खूण (.gov.in) आहे का, ते पाहून मगच आधार क्रमांक टाका.

पेटंटचा विचार असेल तर मान्यता मिळाल्यावरच अर्ज करा. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आहे. मोठ्या कंपनीला तेच ८,००० रुपये पडते.

५. कागदपत्रांची फाइल एकदाच आणि नीट तयार करा

पुढच्या प्रत्येक अर्जाला फिरून फिरून तीच कागदपत्रे लागतात. एका फोल्डरमध्ये, प्रत्येक कागद वेगळ्या पीडीएफमध्ये आणि नावासकट ठेवा:

- कंपनी नोंदणी प्रमाणपत्र, घटनापत्रक व नियमावली, कंपनीचे पॅन आणि टॅन
- डीपीआयआयटी मान्यतापत्र आणि उद्यम प्रमाणपत्र
- संचालकांचे आधार, पॅन, शैक्षणिक कागद आणि एक पानी परिचय
- भागधारणेचा तक्ता, सीएच्या सहीचा. सीड फंडासाठी भारतीय प्रवर्तकांचा हिस्सा किमान ५१ टक्के असावा लागतो
- कंपनीच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश आणि बँक विवरण
- लेखापरीक्षित ताळेबंद; कंपनी नवी असेल तर सीएचे तात्पुरते विवरण
- आधी कोणत्या सरकारी योजनेतून किती पैसे घेतले, याचे स्वघोषणापत्र
- यंत्राचे फोटो, दोन मिनिटांचा चालता व्हिडिओ आणि चाचणीच्या नोंदी
- वापरणाऱ्यांची पत्रे
- खर्चाचा आराखडा आणि त्यासोबत पुरवठादारांची दरपत्रके

शेवटच्या दोन गोष्टींवर बहुतेक अर्ज लंगडे पडतात. आमच्या वापरकर्त्यांपैकी एकाही शेतकऱ्याकडे लेटरहेड नव्हते आणि ते असण्याचे कारणही नाही. आम्ही शेतकऱ्याच्या सहीचे साधे मराठी पत्र, त्यावर गाव, गाडीतला अंदाजे कापूस, आमच्या यंत्राचा आकडा आणि खरेदी केंद्रावरचा आकडा, असे ४१ जणांकडून लिहून घेतले. समितीतल्या एका सदस्याने त्यातली चार पत्रे स्वतः वाचून काढली आणि त्यांवरच पुढचे सगळे प्रश्न विचारले. एखाद्या संशोधन संस्थेचे किंवा कृषी विज्ञान केंद्राचे चाचणीचे पत्र जोडता आले तर आणखी चांगले. आपण या बाबतीत सुदैवी आहोत: नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. वर्ध्यात ग्रामीण उद्योगांसाठी महात्मा गांधींच्या नावाची केंद्रीय संस्था आहे. मुंबई-पुण्याच्या कंपन्या शेतीच्या चाचणीसाठी इकडे येतात; आपल्याला एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते.

६. इन्क्युबेटर निवडणे हाच खरा अर्ज

सीड फंड योजना २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांची तरतूद करून सुरू झाली. तिच्यातून संकल्पना सिद्ध करणे, प्रोटोटाइप आणि चाचणी यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे भागभांडवलात बदलता येणाऱ्या) ऋणपत्रांच्या रूपात पैसा मिळू शकतो. कर्जाचा व्याजदर रेपो दरापेक्षा, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्यापेक्षा, जास्त नसतो, मुदत पाच वर्षांपर्यंत असते आणि त्याला तारण किंवा जामीन मागता येत नाही. पण हा पैसा दिल्लीहून थेट येत नाही. तो निवडलेल्या इन्क्युबेटरांकडे, म्हणजे नव्या कंपन्यांना मार्गदर्शन आणि सोयी देणाऱ्या संस्थांकडे, असतो आणि त्यांची समिती कंपन्या निवडते. योजना मुळात चार वर्षांसाठी आखली गेली होती, त्यामुळे तुम्ही अर्ज कराल तेव्हा कोणत्या इन्क्युबेटरकडे खिडकी उघडी आहे, ते पोर्टलवर आधी पाहा.

एका अर्जात तीन इन्क्युबेटर पसंतीक्रमाने निवडता येतात. आम्ही पहिली पसंती एका नामांकित शहरी संस्थेला दिली, केवळ नावामुळे. तिथले बहुतेक प्रश्न मोबाइल ॲपच्या वापरकर्त्यांच्या वाढीबद्दल होते. कापसाच्या गाडीत सळई का खुपसायची, हे समजावण्यातच आमची वीस मिनिटे संपली. दुसऱ्या पसंतीची संस्था शेतीच्या कामाची होती आणि तिथे निवड झाली. म्हणून इन्क्युबेटर निवडताना त्यांनी आधी कोणत्या कंपन्या निवडल्या, त्यांच्याकडे तुमच्या विषयाची प्रयोगशाळा आहे का, आणि त्यांचा माणूस फोन उचलतो का, या तीन गोष्टी पाहा. तिसरी गोष्ट मी गंमतीने लिहिलेली नाही.

इन्क्युबेटर दूरच्या शहरात असला तरी तिथे राहायला जाण्याची सक्ती या योजनेत नाही. गावातून काम करता येते. अर्जासाठी किंवा निवडीसाठी इन्क्युबेटरने शुल्क घ्यायचे नसते, हेही लक्षात ठेवा.

शेतीशी संबंधित कंपनीला आणखी एक दार आहे. राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या, ‘रफ्तार’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कृषी-स्टार्टअप घटकातून कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत आणि सीड टप्प्यावर २५ लाखांपर्यंत अनुदान मिळते, ज्यात अनुक्रमे १० आणि १५ टक्के वाटा स्वतःचा घालावा लागतो. कापसाच्या विषयासाठी मुंबईच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे असे केंद्र आहे, आणि याच संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे.

आता क्रमाचा सापळा. सीड फंडाच्या अटींनुसार कंपनीने आधी केंद्र किंवा राज्याच्या दुसऱ्या योजनेतून १० लाखांपेक्षा जास्त आर्थिक मदत घेतलेली नसावी. स्पर्धेचे बक्षीस, सवलतीची जागा, संस्थापकाचा मासिक भत्ता आणि प्रयोगशाळेची सोय यांत मोजत नाहीत. म्हणजे रफ्तारचे २५ लाख आधी घेतले की सीड फंडाचे २० लाख आणि त्यामागचे ५० लाख, दोन्ही हातचे जातात. आमच्या ओळखीच्या एका संत्रा प्रतवारी यंत्राच्या कंपनीने नेमके हेच केले आणि नियम त्यांना सादरीकरणाच्या आदल्या दिवशी कळला. लहान रक्कम आधी, तीही १० लाखांच्या आत, मग सीड फंड, आणि त्यानंतर बाकीचे, असा हिशेब मांडा, आणि प्रत्येक पायरीला पुढच्या योजनेच्या अटी त्या दिवसाच्या मार्गदर्शिकेत वाचा.

७. सादरीकरण

दहा-बारा पानांचे सादरीकरण पुरते. समिती गरज, शक्यता, परिणाम, नावीन्य, तुमची जोडी आणि पैशाचा वापर या बाबी पाहते. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. पाने इंग्रजीत ठेवून बोलणे हिंदीत किंवा मराठीत केले तरी चालेल का, असे आम्ही आधीच फोनवर विचारून घेतले होते. सादरीकरण ऑनलाइन असेल तर त्या दिवशी गावात थांबू नका. आम्ही तालुक्याच्या गावी एका मित्राच्या दुकानात इन्व्हर्टरसमोर बसलो होतो आणि मधल्या वीस मिनिटांत वीज गेलीच.

८. करार, हप्ते आणि हिशेब

निवडीचा ईमेल आला की गावात पेढे वाटले जातात. पैसा मात्र करारानंतर, आणि तोही हप्त्यांनी येतो. प्रत्येक हप्ता एका टप्प्याला, म्हणजे माइलस्टोनला बांधलेला असतो. हे टप्पे करारात तुम्हीच सुचवता, आणि इथे शेतीच्या कंपन्या स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात.

आमचा करार फेब्रुवारीत झाला. पहिला टप्पा आम्ही लिहून दिला होता: चार महिन्यांत पन्नास शेतकऱ्यांकडे चाचणी. मार्च सरेपर्यंत उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची वेचणी संपली, शेतात उभ्या पऱ्हाट्या आणि घरात रिकामी कोठी. आम्ही दोन क्विंटल कापूस राखून ठेवला, त्यावर पाणी शिंपडून ओलावा वाढवला आणि चाचण्यांचे आकडे पाठवले. समितीने ते मान्य केले नाहीत, आणि त्यांचे बरोबरच होते. शिंपडलेले पाणी आणि दवाने मुरलेला ओलावा एक नसतो. दुसरा हप्ता पुढच्या दिवाळीनंतर आला. मधले आठ महिने चुलतभावाच्या सोयाबीनच्या पैशांवर निघाले. तुमचे टप्पे इंग्रजी महिन्यांनी न बांधता हंगामाने बांधा: पेरणी, फुलोरा, वेचणी, खरेदी. हंगामाबाहेरच्या महिन्यांत सुटे भाग, सॉफ्टवेअर, प्रमाणपत्र अशी कामे टाका.

पैसा आल्यावर पुढील शिस्त पाळा. त्याचे बँक खाते वेगळे ठेवा. मंजुरीच्या तारखेआधी केलेला खर्च त्यात दाखवता येईल, असे गृहीत धरू नका; आमची ३८ हजारांची सेन्सर खरेदी तारखेच्या नऊ दिवस आधीची होती आणि ती आमच्याच खिशातून गेली. मंजूर आराखड्यात जेवढी रक्कम साहित्याला आहे तेवढीच साहित्याला, आणि बदल हवा असेल तर आधी लेखी परवानगी. सीड फंडाचा पैसा इमारत किंवा शेड उभारण्यासाठी नाही.

बिलांचा प्रश्न गावात जास्त छळतो. आमची सळई यवतमाळच्या एका लेथवाल्याने वळवून दिली. काम उत्तम, पण त्याच्याकडे जीएसटी क्रमांक नाही आणि छापील बिलबुकही नाही. आधी आम्ही रोख देत होतो. ती सगळी रक्कम हिशेबात नामंजूर झाली. मग त्याच्याकडून तारीख, कामाचे वर्णन, त्याचा पॅन आणि सही असलेले साधे बिल घ्यायचे आणि पैसे कंपनीच्या खात्यातून त्याच्या खात्यात टाकायचे, असे ठरवले. सीएने ते मान्य केले. यूपीआयने देत असाल तर स्वतःच्या मोबाइल खात्यातून देऊ नका.

प्रत्येक हप्त्याच्या शेवटी विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा कशावर खर्च झाला याचा दाखला, लागते, ज्याला सगळे यूसी म्हणतात, आणि त्यावर सीएची सही असते. तालुक्यातल्या सीएला आयकर आणि जीएसटीचा सराव असतो, अनुदानाच्या यूसीचा असेलच असे नाही. नमुना इन्क्युबेटरकडून आधीच घेऊन त्यांच्या हाती द्या. अनुदान आयकरात कसे धरायचे, हेही त्याच बैठकीत विचारा. ‘सरकारचाच पैसा, त्यावर कर कसला’ या समजुतीत राहू नका.

९. बँकेचे दार

पीएमईजीपीत उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्पाच्या २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय आदी विशेष गटाला ३५ टक्के सबसिडी आहे. शहरात हेच प्रमाण १५ आणि २५ टक्के आहे. २०२२ च्या बदलानंतर आकांक्षित जिल्ह्यांतील अर्जदारही विशेष गटात आले, आणि विदर्भात गडचिरोली व वाशीम हे दोन जिल्हे त्यात आहेत. पंचायतीच्या हद्दीतला भाग ग्रामीण आणि नगर परिषदेच्या हद्दीतला शहरी धरला जातो, म्हणून बाजार जवळ हवा या विचाराने युनिट तालुक्याच्या गावात हलवण्याआधी हा १० टक्क्यांचा फरक मोजा. या योजनेची मंजुरी २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी होती, तेव्हा अर्जाच्या वेळचे आकडे जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

सबसिडी हातात येत नाही. बँक आधी कर्ज देते, सबसिडी तीन वर्षे मुदत ठेवीत राहते आणि युनिट चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळती होते. निर्णय शेवटी शाखा व्यवस्थापकाचा असतो, आणि तो सर्वप्रथम सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा अहवाल, पाहतो. सामायिक सातबाऱ्यावर तुमचे नाव असेल आणि त्यावर तुमच्या नावे काढलेले पीककर्ज थकले असेल, तर ते तिथे दिसते. तडजोडीने मिटवलेले कर्जही ‘सेटल्ड’ म्हणून दिसते. अर्ज करण्याआधी स्वतःचा अहवाल काढून पाहा. घरच्यांना विचारायला संकोच वाटेल, तरी विचारा.

मान्यताप्राप्त कंपनीला तारणाशिवाय कर्ज मिळावे म्हणून २०२२ मध्ये स्टार्टअपसाठी स्वतंत्र पत हमी योजना आली आणि २०२५ मध्ये तिची मर्यादा १० कोटींवरून २० कोटी झाली. नियमित विक्री सुरू झाल्याशिवाय या दाराशी जाण्यात अर्थ नाही.

१०. सरकारला ग्राहक करा

महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी २०१८ पासून स्टार्टअप सप्ताह घेते. त्यात निवडलेल्या २४ कंपन्यांना शासकीय विभागांत आपले उत्पादन प्रत्यक्ष वापरून दाखवण्यासाठी कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर, मिळतात. माझ्या मते नव्या कंपनीला याहून मोलाचा सरकारी पैसा नाही, कारण यातून पैशासोबत ग्राहकाचे पत्रही मिळते. सरकारी खरेदीच्या जीईएम पोर्टलवर मान्यताप्राप्त स्टार्टअपला आधीची उलाढाल, अनुभव आणि बयाणा रक्कम यांत सूट मिळू शकते. निविदेत ती सूट लिहिलेली आहे का, ते प्रत्येक वेळी तपासा.

पैसे उशिरा येतात, हे धरून चाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल ४५ दिवसांपेक्षा जास्त थकवता येत नाही, आणि थकवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते, असे २००६ च्या कायद्यात आहे. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. मात्र हा हक्क सांगायचा तर उद्यम नोंदणीची तारीख पुरवठ्याच्या तारखेआधीची असावी लागते. पहिला कार्यादेश हातात पडेल त्या दिवशी इतर काही करण्यापूर्वी उद्यम प्रमाणपत्र उघडून त्यावरची तारीख वाचा.